पंखवाला नर आणि आंधळी कामकरीण

१८९० साली बेल्जियमच्या कीटकशास्त्र संस्थेच्या वार्षिकात ऑग्युस्त फोरेल यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिचच्या मोठ्या मनोरुग्णालयाचे संचालक. पण मुंग्यांच्या अभ्यासात त्यांच्या शब्दाला युरोपभर वजन होते. पुढे स्वित्झर्लंडच्या हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचे चित्र आले, तेव्हा त्याच नोटेवर मुंग्याही छापल्या गेल्या. या टिपणातल्या शोधाचे श्रेय मात्र त्यांनी शीर्षकातच दुसऱ्याला देऊन टाकले होते. तो दुसरा माणूस म्हणजे १८७१ पासून मुंबई इलाख्याच्या वनखात्यात असलेले रॉबर्ट चार्ल्स रॉटन. शकर्ड या इंग्रज अभ्यासकाने १८४० मध्ये काही पंखवाल्या नर मुंग्यांवरून ‘एनिक्टस’ नावाची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापन केली होती. पुढे १८५७ मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी निसर्ग-अभ्यासक वॉलेसने बोर्निओत गोळा केलेल्या काही बिनडोळ्यांच्या कामकरी मुंग्यांवरून ‘टिफ्लाटा’ ही दुसरी प्रजाती केली. पुढची तीसेक वर्षे ही दोन नावे संग्रहालयांच्या दोन वेगळ्या खणांत नांदत होती. रॉटन यांना तो नर आणि ती कामकरीण एकाच समूहात सापडली. मुंगी एकच होती, आणि आधीचे म्हणून एनिक्टस हे नाव टिकले.

ही चूक कुणाच्या आळशीपणातून झाली नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवे. मुंगीचे वर्गीकरण मुख्यतः तिच्या कंबरेवर चालते. भिंगाखाली पाहिले तर डोके, मग वक्ष, मग बारीक कंबर आणि शेवटी फुगीर पोट दिसते. ज्याला आपण वक्ष समजतो त्याच्या मागच्या टोकाला पोटाचा पहिला खंड पुरता मिसळून गेलेला असतो, आणि कंबर म्हणतो ती पोटाच्या दुसऱ्या, कधी दुसऱ्या-तिसऱ्या खंडाची बनलेली असते. या कंबरेवर एक गाठ आहे की दोन, हा पहिला प्रश्न. गाठ एक असेल तर मागे नांगी आहे, की अम्ल फवारणारे केसाळ कडांचे गोल छिद्र आहे, की नुसती फट, हा पुढचा प्रश्न. गुळाच्या ढेपेकडे धावणाऱ्या काळ्या डोंगळ्याला एक गाठ आणि अम्लाचे छिद्र असते. स्वयंपाकघरातल्या चावऱ्या बारीक लाल मुंगीला दोन गाठी आणि नांगी. आता एनिक्टसची कामकरीण घ्या. अंग तीन-चार मिलिमीटरचे, डोळे नाहीत, पंख नाहीत, कंबरेवर दोन गाठी. तिचा भाऊ घ्या. अंगाने तिच्याहून कितीतरी मोठा, भलेमोठे डोळे, चार पंख, लांबट पोट, आणि कंबरेवर गाठ एकच. ज्या खुणांवर सगळे शास्त्र उभे होते त्या प्रत्येक खुणेवर भाऊ-बहीण वेगळे पडत होते. इंग्लंडातल्या टेबलावर त्यांना एकत्र आणू शकेल असे काहीच उपलब्ध नव्हते. एनिक्टसची मोठी चुलत मंडळी म्हणजे डोरिलस मुंग्या. त्यांच्याबाबतीत तर हा घोळ तिपदरी झाला होता. आफ्रिकेतल्या डोरिलसच्या नराला लिनियसने १७६४ मध्ये गांधीलमाशी समजून त्या गटात घातले. फॅब्रिशियसने १७९३ मध्ये नरांवरून डोरिलस हे नाव पक्के केले, वेस्टवुडने १८३९ मध्ये कामकरणींना टिफ्लोपोन म्हटले, आणि १८६३ मध्ये आग्नेय आशियातली एक पंखहीन, अजस्र पोटाची राणी हाती आली तेव्हा गेरस्टेकरने तिला डिक्थॅडिया असे तिसरेच नाव दिले. एका कुटुंबाची तीन घराणी झाली.

माझे म्हणणे असे, की उष्ण कटिबंधातल्या मुंग्यांचे वर्गीकरण केवळ शरीरावरून उभे राहू शकत नव्हते; ते वेळोवेळी घरट्याजवळ, रांगेजवळ, झाडाखाली दुरुस्त झाले. सह्याद्रीच्या मुलखाने या शास्त्राला नुसते नमुने पुरवले नाहीत. कोणत्या पुराव्याला मान द्यायचा, हेही त्याने शिकवले. आणि हा पुरावा ज्यांच्या रोजच्या नजरेखाली होता, त्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाडसारख्या तालुक्यांतल्या माणसांच्या माहितीला या इतिहासात जागा मिळायला हवी. या दोन तालुक्यांचे नाव मी मुद्दाम घेतो आहे. पूर्वेला माहुलीपासून माळशेज-नाणेघाटापर्यंत सह्याद्रीची भिंत, मधे साग-ऐनाची वने, खाली भातखाचरे, आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, आगरी, कुणबी अशी वस्ती. पुणे आणि मुंबई या अभ्यासाच्या दोन केंद्रांपासून हा मुलूख फार दूर नाही. ज्या वर्षी शहापुरातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले, त्याच १८९२ साली रॉटन यांचा ‘अवर अँट्स’ हा दोन भागांतला प्रबंध मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि फोरेल यांची हिंदुस्थान व सिलोनच्या मुंग्यांवरची फ्रेंच लेखमालाही त्याच नियतकालिकात सुरू झाली.

गोष्ट मात्र रॉटन यांच्याही साठ वर्षे आधी सुरू होते. कर्नल विलियम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे दख्खनमधले सांख्यिकी अधिकारी. १८२४ पासून १८३१ पर्यंत त्यांनी हा मुलूख पायाखाली घातला आणि जमीन, पीक, पक्षी, मासे, हवामान जे दिसेल ते लिहून काढले. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली पसरलेल्या धुक्यात गोल इंद्रधनुष्य दिसते, हे छापील शास्त्रीय लेखनात त्यांनीच १८३५ मध्ये नोंदवले. त्या कड्याखालचा मुलूख म्हणजे मुरबाड. त्याच १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेपुढे त्यांचा हिंदुस्थानी मुंग्यांवरचा लेख आला. त्यात पुण्याच्या कवायतीच्या मैदानाजवळची १८२९ ची एक नोंद आहे. पाऊस सरल्यावर मुंग्यांनी गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग उन्हात आणून घातले होते, ओले धान्य वाळत घालावे तसे. या मुंगीला त्यांनी ‘प्रॉव्हिडेन्स’ म्हटले. आज ती फायडोले प्रॉव्हिडेन्स म्हणून ओळखली जाते.

ही नोंद साधी वाटेल. पण तिच्यामागे शंभर वर्षांचा वाद होता. मुंगी धान्य साठवते असे बायबलात आहे, इसापाच्या गोष्टींत आहे. अठराव्या शतकात विलियम गूल्ड यांनी आणि पुढे प्येर ह्यूबर यांनी युरोपातल्या मुंग्या बारकाईने पाहिल्या, तेव्हा त्यांना कोठार सापडले नाही. थंडीत गारठून पडून राहणाऱ्या मुंगीला कोठार हवेच कशाला, हा तर्कही बिनतोड होता. तेव्हा जुन्या लोकांनी पांढऱ्या कोशांनाच दाणे समजले असावे, असा निष्कर्ष निघाला. उत्तर युरोपापुरता तो बरोबर होता. चूक झाली ती त्याला सगळ्या जगावर पसरवण्यात. साइक्स यांच्या पुण्याच्या नोंदीने पहिली फट पाडली, आणि १८७३ मध्ये मॉग्रिज यांनी भूमध्य समुद्राच्या काठावर कोठारे खणून दाखवली तेव्हा वाद मिटला. पावसाळा आणि कोरडा काळ अशी वर्षाची उभी फाळणी जिथे होते तिथे बी साठवणे हाच जगण्याचा मार्ग असतो. खळ्यावर मळणी झाल्यावर कडेने दाणे वाहून नेणारी रांग मुरबाडच्या कुठल्याही शेतकऱ्याने पाहिलेली असते. त्याला मुंगी धान्य साठवते का, असे विचारणेच चमत्कारिक वाटेल. लंडनमध्ये जे सिद्ध करावे लागले, ते इथे कुणी नाकारलेच नव्हते.

साइक्स यांच्या त्याच लेखातली दुसरी मुंगी माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. सह्याद्रीत झाडाच्या फांदीला गुंडाळून शेणाचे घरटे बांधणारी एक मुंगी त्यांनी वर्णिली आणि कीटकशास्त्रज्ञ विलियम कर्बी यांचे नाव तिला दिले. कौलारू छपरासारखे पातळ पापुद्रे एकावर एक, प्रत्येक वरच्याची कड खालच्यावर आलेली, म्हणजे पावसाचे पाणी आत न शिरता ओघळून जावे. आणि सगळ्यात वर एक सलग टोपी. साइक्स यांनी बांधकामाचे वर्णन शरीराच्या वर्णनाइतक्याच, किंबहुना अधिक, गांभीर्याने केले. ही मुंगी ज्या क्रेमॅटोगॅस्टर प्रजातीची, तिची शरीररचना आणि तिचे घर यांचा मेळ फार देखणा आहे. तिच्या कंबरेवर दोन गाठी असतात, आणि दुसरी गाठ पोटाला पुढून न जुळता वरच्या बाजूने जुळलेली असते. बाकीच्या मुंग्यांना पोट खालून पुढे वळवावे लागते. हिला ते पाठीवरून थेट डोक्याच्या पुढे आणता येते. बदामाच्या आकाराचे ते टोकदार पोट उभारून ती फांदीवर उभी राहते. टोकाची नांगी टोचण्याऐवजी चमच्यासारखी चपटी झालेली असते, आणि तिने ती शत्रूच्या अंगावर विष पुसते. उघड्या फांदीवर चारी बाजूंनी हल्ला होऊ शकणाऱ्या घराला असाच पहारेकरी हवा. एकट्या नमुन्यावरून गाठीची ती विचित्र जोडणी दिसते. ती कशासाठी आहे हे घरटे पाहिल्याशिवाय उमजत नाही. या घरट्याची ओळख एका पक्ष्यालाही आहे. तांबूस रंगाचा एक सुतार पक्षी याच घरट्यात बीळ कोरून अंडी घालतो, नांदत्या मुंग्यांसकट. त्याच्या पिसांना चिकट थर बसलेला असतो आणि त्यात चावून धरलेल्या मुंग्यांची डोकी रुतलेली सापडतात. बाकीच्या मुंग्या सोडून नेमकी हीच मुंगी निवडणारा तो पक्षी रंगावरून निवड करत असेल असे मला वाटत नाही.

आता फोरेल यांच्याकडे परत यावे लागेल, कारण ज्या वर्षी त्यांनी रॉटन यांच्या शोधाची दखल घेतली त्याच वर्षी त्यांच्या हातून नेमकी त्याच प्रकारची गल्लत झाली. रॉटन यांनी पुण्याहून पाठवलेल्या एका चिमुकल्या मुंगीत फोरेल यांना पंखहीन नर आढळला. मुंग्यांचे नर बहुधा पंखवाले. हा तर जवळजवळ कामकरणीसारखा दिसत होता. एवढा मोठा फरक नव्या प्रजातीखेरीज कसा असेल, म्हणून त्यांनी इटालियन सहकारी एमेरी यांच्या नावाने ‘एमेरिया’ ही प्रजाती केली आणि जातीला रॉटन यांचे नाव दिले. पुढे कळले की ही मुंगी कार्डिओकोन्डिला या आधीच माहीत असलेल्या प्रजातीतली आहे, आणि त्या प्रजातीच्या काही जातींत एकाच घरात दोन प्रकारचे नर होतात: पंखवाले बाहेर उडून जातात, पंखहीन घरातच राहतात. पंखहीन नर घरातल्याच तरुण राण्यांशी जुगतात आणि प्रतिस्पर्धी नराला जबड्यात धरून मारतात. जपानी संशोधकांनी १९८७ मध्ये याच नावाखाली या मारामाऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी पाहिलेली मुंगी ही तिची जवळची बहीण, कार्डिओकोन्डिला ऑब्स्क्युरिअर, हे नंतर ठरले. फोरेल यांच्या नजरेत खोट नव्हती, त्यांच्याइतके तीक्ष्ण डोळे तेव्हा फारच थोड्यांना होते. त्यांच्यासमोर शरीर होते. त्या शरीराचे घर पुण्यात राहिले होते.

या सगळ्या मुंग्यांत शहापूर-मुरबाडच्या माणसाशी सर्वांत जवळचा संबंध आहे तो ओंबिलीचा. आंबा, जांभूळ, ऐन यांच्या हिरव्या पानांचे गोळे करून राहणारी ही तांबडी, लांब पायांची मुंगी. फॅब्रिशियसने तिला १७७५ मध्ये स्मरॅग्डिना हे नाव दिले. आज ती इकोफिला स्मरॅग्डिना. तिला नांगी नाही. ती जबड्याने कातडी धरते आणि पोट पुढे वाकवून त्याच जागी अम्ल सोडते. म्हणून आंब्यावर चढणारा गडी तिला डंखाने नाही, आगीने ओळखतो. पानांचे घर कसे शिवले जाते हे बराच काळ शास्त्राला उलगडले नव्हते. १७७० मध्ये कुकच्या सफरीत जोसेफ बँक्स यांनी ऑस्ट्रेलियात पाने ओढून धरणाऱ्या मुंग्या पाहिल्या होत्या, पण धागा येतो कुठून हे उरलेच. १८९० मध्ये सिंगापूरहून रिडली यांनी लिहिले की मुंग्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्याकडून रेशीम काढून घेतात. त्याच वर्षी मुंबईच्या नियतकालिकात ‘एहा’ या नावाने प्रसिद्ध असलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचे तांबड्या मुंग्यांच्या घरट्यांवरचे टिपण आले. एटकिन साताऱ्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलेले, पुढे मीठ आणि जकात खात्यात गेलेले. सोसायटीच्या १८८३ च्या संस्थापकांतले एक. ओंबिलीचे काम पाहताना दोन गोष्टी ध्यानात येतात. दोन पानांच्या कडा एका मुंगीच्या आवाक्याबाहेर असतील तर एक दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची, अशी साखळी होते आणि ती साखळी हळूहळू आखडत कडा जवळ आणते. कडा भिडल्या की आतून दुसऱ्या मुंग्या वाढत आलेल्या अळ्या घेऊन येतात आणि अळीचे तोंड एकदा या कडेला, एकदा त्या कडेला टेकवतात. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या आपले रेशीम स्वतःच्या कोशासाठी खर्च करतात. ओंबिलीची अळी ते घराला देते आणि पुढे तिचा कोषावस्थेतला देह उघडाच राहतो. म्हणजे घरट्यात उघडे, पांढरे, पायांचा आकार दिसणारे कोष सापडणे हीसुद्धा वर्गीकरणाची खूण आहे. ती टाचणीवरच्या कामकरणीत दिसत नाही, घरटे फोडणाऱ्याला दिसते.

माझ्या या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे, आणि तो मोकळेपणाने मांडायला हवा. लोकांची नावे ढोबळ असतात. डोंगळा म्हटले की त्यात कॅम्पोनोटस प्रजातीच्या अनेक जाती येतात. काळी मुंगी या नावाखाली तर दोन-तीन उपकुले, म्हणजे प्रजातींचे मोठे गट, एकत्र जातील. जे चावते, जे खाते, जे पिकाला लागते, त्यालाच नाव मिळते. सुक्या पानाच्या पोकळीत राहणाऱ्या दोन मिलिमीटरच्या मुंगीकडे कुणी वळून पाहिलेले नसते. आणि एनिक्टसचा नर पावसाळ्याच्या रात्री दिव्यावर येतो तेव्हा त्याला गावातही कुणी मुंगी म्हणत नाही, लिनियसनेही त्याच्या चुलत्याला म्हटले नव्हते. हे सगळे मला मान्य आहे. भिंग, टाचणी, तुलना आणि छापील वर्णन यांशिवाय भारतातल्या आठशेहून अधिक मुंग्या वेगळ्या करता आल्याच नसत्या. बिंगहॅम यांचा १९०३ चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तला मुंग्यांचा खंड आजही हाताशी लागतो, तो त्यातल्या शरीरवर्णनांमुळेच. पण आक्षेपातून निघते ते एवढेच, की दोन्ही प्रकारच्या ज्ञानाची भोके वेगवेगळ्या जागी आहेत. शास्त्राचे भोक होते ते नाते आणि वर्तन यांत: कोण कुणाचा नर, कोण काय साठवते, धागा कुठून येतो, गाठ अशी का जुळली. लोकांची माहिती नेमकी तिथेच भरीव होती. ढोबळ नाव आणि ढोबळ माहिती या दोन गोष्टी एक नव्हेत. ओंबिलीचे घर कुठल्या झाडावर, कुठल्या उंचीवर, कुठल्या महिन्यात वाढते हे सांगू शकणाऱ्या माणसाकडे त्या एका जातीबद्दल जितके तपशील असतात, तितके १७७५ च्या वर्णनात शोधूनही सापडणार नाहीत.

वारुळाचे उदाहरण इथे थोडक्यात घेतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दप्तरात वाळवी ही पांढरी मुंगी म्हणून आली आणि दीर्घकाळ तशीच राहिली. वाळवी झुरळांच्या नात्यातली, मुंगी गांधीलमाशीच्या; दोघींची कंबर पाहिली तरी फरक दिसतो, कारण वाळवीला कंबरच नसते. शहापूरच्या रानात पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी काढायला जाणाऱ्या बाईला वाळवीचे घर आणि मुंगीचे घर यांत फरक करावाच लागतो. मुंगीच्या घरावर ती अळंबी येत नाही, कारण ती बुरशी वाळवीच जोपासते.

दुसरा आक्षेप असा की या माणसांनी त्या शोधांत भाग घेतला याचा पुरावा कुठे आहे? नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण असते, गोळा करणाऱ्या साहेबाचे नाव असते. झाड दाखवणाऱ्याचे नाव नसते. मी या रिकाम्या जागेत काल्पनिक नावे भरणार नाही. पण चिठ्ठीचा नमुनाच असा होता की तिच्यात ते मावू नये, एवढे तरी म्हणता येईल. आणि त्या काळात वनखाते ठाणे जिल्ह्यातल्या लोकांच्या जाणकारीकडे कोणत्या नजरेने पाहत होते, याची नोंद दुसऱ्या एका प्रकरणात भरपूर आहे. १८७८ च्या वनकायद्यानंतर राबासाठी झाडांचे टहाळे तोडण्यावर बंधने आली. भाताच्या रोपांसाठी शेण, पाने, फांद्या जमिनीवर अंथरून भाजणे म्हणजे राब. वरकस, म्हणजे खाचराबाहेरची चढाची, जमीन त्यासाठी उपयोगी पडे. खात्यातल्या अनेकांच्या लेखी ही जंगलाची नासाडी होती, शेतकऱ्याच्या लेखी त्याशिवाय रोप जोमाने उठत नव्हते. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. म्हणजे रॉटन मुंग्या गोळा करत होते त्याच दशकात, त्यांच्याच खात्याशी, मुरबाड-शहापूरचा शेतकरी आपल्या अनुभवाला पुरावा म्हणून मान्यता मिळावी यासाठी भांडत होता. चिठ्ठीवर त्याचे नाव नाही यावरून त्याला काही माहीत नव्हते असे ठरत नाही. कुणाची माहिती लिहून ठेवायची याचे संकेत ठरलेले होते, एवढे ठरते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता जनुकांवरून नाती लागतात. नर आणि कामकरीण यांच्या पायाचा एकेक तुकडा तपासला की ते एका जातीचे आहेत का हे कळते. रॉटनसारखे समूहाशी गाठ पडण्याची वाट पाहायला नको. हे खरे आहे आणि आनंदाचे आहे. एनिक्टससाठी मधल्या काळात वेगळे उपकुल केले गेले होते. २०१४ मध्ये ब्रेडी, फिशर, शुल्ट्झ आणि वॉर्ड यांच्या जनुकीय अभ्यासानंतर ते आणि अमेरिकेतल्या लष्करी मुंग्या असे सगळे डोरिलसच्या उपकुलात एकत्र आले. पण त्या अभ्यासातून पुढे आलेले कोडे पाहा. रांगेने फिरणे, सामूहिक शिकार करणे, पंखहीन राणी, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या मुंग्या आफ्रिका-आशियातही आहेत आणि अमेरिकेतही. हे गुण एकदाच उपजले की वेगवेगळ्या वेळी? यावर अभ्यासक अजून वाद घालतात, आणि त्या वादात जनुकांबरोबर कुठली जात कशी फिरते, कशावर धाड घालते, राणी कधी हलते यांच्या नोंदी लागतात. जनुक नाते सांगते. पोट पाठीवरून का वळते, बी उन्हात का घालतात, हे त्याला विचारता येत नाही.

म्हणून शहापूर आणि मुरबाडमध्ये आज कुणी मुंग्यांची यादी करायला निघाले तर चिठ्ठी बदलावी, असे मला वाटते. तानसाच्या अभयारण्यात, माहुलीच्या उतारावर, माळशेजच्या पायथ्याला, खाचरांच्या बांधांवर नमुना घेताना तारीख, ठिकाण आणि अभ्यासकाचे नाव तर असावेच. त्याखाली झाड कोणते, घर जमिनीपासून किती वर, ते कशाचे केलेले, आत उघडे कोष आहेत की रेशमात गुंडाळलेले, नर आणि कामकरणी एकत्र मिळाले का, हे लिहावे. गावात त्या मुंगीला काय म्हणतात ते लिहावे, आणि तिच्याबद्दल जे सांगितले गेले ते सांगणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावासह लिहावे, मग ती माहिती पडताळणीत खरी ठरो वा खोटी. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला आहे, तलावांच्या काठची गावे एकदा उठलेली आहेत, मुरबाडच्या काळू नदीवर नव्या धरणाची चर्चा सुरू आहे. पुण्याच्या ज्या मैदानाजवळ साइक्स यांनी १८२९ मध्ये बियांचे ढीग पाहिले, तिथे आज तशी मोकळी जमीन शोधावी लागेल. पण त्यांनी ते ढीग लिहून ठेवले म्हणून फायडोले प्रॉव्हिडेन्सबद्दल आपल्याला तिच्या गाठींखेरीज आणखी काही माहीत आहे.